ओलं पोतं

बाबा : पिशवीला धरून उचल. रोपाच्या मानेला काय धरतेस, मांजराचं पिल्लू आहे का ते?

लेक : एकशे सत्तर पिशव्या मांडल्यात मी या ओढ्याच्या वाळूत. अजून एकही मान मोडलेली नाही.

बाबा : तीनशे बारा आहेत. कौतुक शेवटची टेकवलीस की करीन. चुन्याचा ठिपका कुठल्या अंगाला आहे, ते बघ.

लेक : उगवतीकडे. बाबा, उद्या सकाळी तर खड्ड्यात जायची आहेत. एका दिवसापुरतं कसलं उगवती-मावळती?

बाबा : एका दिवसापुरतंसुद्धा. वाफ्यात ज्या अंगाला सकाळचं ऊन खाल्लं, तेच अंग पुढेही उगवतीकडे राहिलं पाहिजे. घर बदलतंय बिचाऱ्याचं. निदान सूर्य तरी ओळखीच्या बाजूने उगवू दे.

लेक : हे तुमच्या जुन्या रोपवाटिकेच्या नियमात होतं, की तुम्ही मागून घुसडलंत?

बाबा : ठिपक्याचं तिथल्या साहेबांनी सांगितलेलं. सूर्याचं माझं. मास्तरीणबाईंना आवडलं असेल, तर उद्या फळ्यावर लिहा.

लेक : उद्या फळा नाही न् वर्ग नाही. सगळी शाळा वर खड्ड्यांवर येणार आहे. घरटी एक झाड, झाडाला घराच्या नंबरचा पत्रा. मुलांनी स्वतः खिळ्याने आकडे ठोकलेत. एकाने तर पाच उलटा काढलाय.

बाबा : उलट्या पाचालाही सावली तेवढीच पडते. वरच्या फाटकावरची पाटी बघितलीस आज? पुन्हा रंगवलीय. ‘तात्पुरती छावणी’. चौदा वर्षांत चौथ्यांदा. एवढी पक्की तात्पुरती पाटी मी जन्मात पाहिली नाही.

लेक : तुम्ही वस्ती म्हणता म्हणून ती वस्ती होते का?

बाबा : झाडं लागली की होते. झाडं उठवायला माणसाचा हात धजत नाही. झोपडी काय, दोन माणसं आली की पाडतात. हां, ते तिकडे नको, थोडं आत घे. कडेला वाळू वाळलेली आहे.

लेक : कुठेच वाळलेली नाही, बाबा. काल टाचही बुडत नव्हती, आज घोट्यापर्यंत पाय जातोय.

बाबा : वजन वाढलं असेल तुझं.

लेक : खरंच सांगतेय. हे बघा, पाऊल काढलं की आत पाणी साचतंय.

बाबा : ओढ्याच्या पोटात ओल असायचीच. म्हणून तर रोपं खाली आणली. टँकर घरटी दोन घागरी देतो, त्यातली अर्धी माझ्या रोपांना कोण देणार? इथं आपली खालच्या खाली पितात. ना घागर, ना रांग, ना भांडण.

लेक : आणि हा वास कसला?

बाबा : कसला?

लेक : भिजलेल्या लाकडासारखा. कुजक्या पाल्यासारखा. इथं तर आसपास एवढा पालाच नाही.

बाबा : तू पुस्तकं फार वाचतेस. पुस्तकातल्या माणसांना सारखे वास येत असतात.

मेंढपाळ : माळीबुवा! ओ माळीबुवा!

बाबा : आला. वर बघू नकोस. बघितलंस की खाली उतरेल.

मेंढपाळ : उतरत नाही मी. काठावरून सांगतो. पिशव्या वर घ्या.

बाबा : का? तुझ्या शेळ्यांना लांब पडतंय खाली येऊन खायला?

मेंढपाळ : शेळ्या खाली उतरायला तयार नाहीत. सकाळपासून. हाकललं, ओढलं. एकीने तर मलाच पाडलं.

बाबा : तुझ्याहून शहाण्या आहेत.

मेंढपाळ : आहेतच. म्हणून तर सांगायला आलो. वरच्या डोहाचं पाणी तांबडं झालंय.

बाबा : म्हणजे?

मेंढपाळ : तांबडी माती इथली नव्हे. ती डोंगराच्या माथ्यावर, दोन दिवसांच्या वाटेवर. तिकडे पाऊस झालाय. थोडाथोडका नाही.

बाबा : आभाळ बघ जरा. घासलेल्या ताटासारखं स्वच्छ.

मेंढपाळ : ओढा आभाळ बघून येत नाही. माझ्या लहानपणी आला होता तो अशाच उघडिपीत आला होता. माझा चुलता खाली म्हशी धूत होता. गाणं म्हणत होता.

बाबा : आज सकाळी नाही सांगितलंस. काल नाही. नेमकी सगळी रोपं खाली आली, नेमकी उद्या लावणी, आणि आज तुझ्या चुलत्याची आठवण आली.

मेंढपाळ : डोह आज तांबडा झाला.

बाबा : मी सांगतो तुला काय होणार ते. मी माझी राखणीची खोपी सोडून वर घरी जाणार. निवांत झोपणार. आणि सकाळी येऊन बघतो तर रोपं नाहीत. मागच्या वेळी चाळीस होती, या वेळी तीनशे बारा.

मेंढपाळ : चौदा वर्षं झाली त्याला.

बाबा : मोजतोयस ना? मीही मोजतो. चौदा वर्षांत त्या तुतींना माझ्या मांडीएवढं खोड आलं असतं. आता तू तिथं उन्हात उभा आहेस ना, त्यांच्या सावलीत उभा राहिला असतास.

मेंढपाळ : मी नव्हतो.

बाबा : पोतं कोणाचं होतं?

मेंढपाळ : माझं.

बाबा : डांबराची फुली?

मेंढपाळ : माझी. माझ्या सगळ्या पोत्यांवर असते.

बाबा : आणि सापडलं कुठे? तुझ्याच भिंतीमागे. मुळं ओल्या पोत्यात बांधून, न्यायच्या तयारीत. आपल्या रानात लावणार होतास, दुसरं काय? मला सापडली तिसऱ्या दिवशी. तोवर पोतं वाळून पापड झालेलं आणि रोपांच्या काड्या झालेल्या. ना तुला, ना मला.

मेंढपाळ : पोतं माझं होतं, एवढंच मी तेव्हा म्हटलं. आत्ताही तेवढंच म्हणतो. ते जाऊ द्या. मी आणि माझी बायको येतो खाली. चौघं मिळून उचलू. दिवस मावळायच्या आत सगळ्या पिशव्या वर.

बाबा : तुझा हात? माझ्या रोपांना? शेळीवाल्याच्या हाती पाला सोपवू?

मेंढपाळ : पोरी, तू शिकलेली आहेस. तू सांग यांना.

बाबा : हां. सांग. तुझंही ऐकू दे. या माणसाच्या शब्दावर मी जागा सोडायची का? बोल ना. गप्प का?

लेक : मला काय माहीत, बाबा.

मेंढपाळ : बरं. माझं सांगून झालं. काठी तरी जवळ ठेवा, पाणी आलं तर आधाराला. आणि झोपू नका.

बाबा : ते तू नको शिकवूस. राखणीला मी झोपत नसतो. जा.

लेक : गेले ते. बाबा, तुम्ही त्यांच्याशी असं बोलता…

बाबा : कसं? ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणू?

लेक : ते खोटं बोलत असतील असं नाही वाटत मला.

बाबा : मग मघाशी का नाही म्हणालीस? विचारलं होतं मी.

लेक : रोपं वर नेऊ या. आपण दोघं. मी नेते, तुम्ही नुसते बसा.

बाबा : सकाळभर माणसं लागली तेव्हा खाली आली. आता सगळी गेली वीटभट्टीवर, ती येणार दिवे लागल्यावर. आणि वर नेऊन ठेवू कुठं? त्या कोरड्या फुफाट्यात? एका रात्रीत निम्मी माना टाकतील. मग उद्या मुलांच्या हातात काय देऊ, नंबराचे पत्रे?

लेक : बरं, रोपं राहू देत इथं. तुम्ही वर चला.

बाबा : आणि राखण?

लेक : कोणापासून?

बाबा : कोणापासून म्हणजे? आत्ता उभा होता तो कोण होता?

लेक : समजा, त्यांनी नसतील उपटली.

बाबा : मग? आपल्या पायांनी चालत गेली पोत्यात?

लेक : समजा म्हणतेय. दुसऱ्याच कोणीतरी…

बाबा : कोण दुसरं? तेव्हा छावणीत माणसं किती? साठ घरं. प्रत्येक घरच्या माणसाने माझ्याबरोबर खड्डा खणलेला. स्वतः खणलेल्या खड्ड्यातलं झाड कोण उपटतं? कोणाला काय मिळणार होतं?

लेक : मिळायलाच पाहिजे असं नाही. माणूस… म्हणजे, एखादं…

बाबा : काय?

लेक : बाबा, ती रोपं ज्या दिवशी…

बाबा : थांब. त्या दिवसाचं तू मला नको सांगू. मला सगळं आठवतंय. तू तीन दिवस घास घेतला नव्हतास. दहा वर्षांची पोर, भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी विचारायचो, पोटात दुखतंय का, आईची आठवण येते का. तू नुसती रडायचीस. मग पोतं सापडलं तेव्हा तुला घेऊन गेलो दाखवायला. ती वाळलेली मुळं बघून तू जी किंचाळलीस… माझं मलाच कळेना, मी झाडांसाठी रडू का तुझ्यासाठी. खरं सांगू? चाळीस रोपांचं मी कधीच सोडून दिलं असतं. रोपं काय, पुन्हा होतात. तुझं ते रडणं मात्र त्याला माफ नाही केलं मी. बरं, सांग. काय म्हणत होतीस?

लेक : काही नाही.

बाबा : काहीतरी होतं.

लेक : उद्या. लावणी होऊ दे. मग सांगते.

बाबा : लग्नाबिग्नाचं असेल तर आत्ताच सांग. मी राखणीला बसल्या बसल्या विचार करीन.

लेक : लग्नाबिग्नाचं नाही.

बाबा : मग टिकेल उद्यापर्यंत. ये, ही शेवटची. ठिपका? शाब्बास. तीनशे बारा. आता कौतुक: बरं काम केलंस.

लेक : एवढंच?

बाबा : साहेबांनी मला बत्तीस वर्षांत एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं. ती घागर राहू दे इथं. घोंगडी दे. तुझ्या आईला दाखवायला हवी होती ही ओळ. तिला तुतीचं इतकं वेड, की हात-तोंड जांभळं करून म्हणायची, मी कुठे खाल्ली?

लेक : बाबा, मी थांबू का इथं?

बाबा : तू थांबलीस तर मला तुझीही राखण करावी लागेल. जा. सकाळी चहाचा डबा तेवढा लवकर आण, मुलं यायच्या आधी.

लेक : काठी तरी जवळ ठेवा.

बाबा : तो म्हणाला म्हणून?

लेक : मी म्हणतेय म्हणून.

बाबा : ठेवतो. जा आता, दिवस कलला. आणि चढताना सारखी मागे बघू नकोस. घसरशील.

(दहाव्या दिवशी, सकाळी. ओढ्याचा वरचा काठ. खड्डे खणून ठेवलेले. लांबवर वस्तीतली माणसं कुदळी घेऊन उभी.)

मेंढपाळ : इथं ठेवू? की तुझी माणसं म्हणतील, ठेवता ठेवता काहीतरी करून गेला?

लेक : ठेवा, काका. काय आहे?

मेंढपाळ : सव्वीस आहेत. बाकीची नाही मिळाली.

लेक : रोपं? कुठे सापडली?

मेंढपाळ : तुझ्या बाबांना शोधत होतो तेव्हा. खाली काटेरी झुडपं आहेत ना, त्यात अडकली होती. दोन दिवस माणूस सापडेना, रोपंच सापडत होती. टाकवेनात.

लेक : तेव्हापासून सांभाळलीत?

मेंढपाळ : बायकोने. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची. मुळाला ऊन लागू द्यायचं नाही. तुझ्या बाबांनीच शिकवलं. माझ्या दारात उभं राहून ओरडले होते तेव्हा. म्हणाले, चोर आहेस पण अक्कल आहे, मुळं ओल्या पोत्यात बांधलीस. तेवढं लक्षात राहिलं.

लेक : हे पोतं…

मेंढपाळ : माझं आहे. फुली आहे बघ. दुसरं नव्हतं घरात.

लेक : तुम्ही इथं यायला नको होतं. मला निरोप धाडायचा, मी आले असते.

मेंढपाळ : कोणाबरोबर धाडू? माझ्याशी बोलतं कोण? आणि आज नाही तर कधी देणार. उद्या दिवस मावळेपर्यंत मुदत आहे मला.

लेक : कसली मुदत?

मेंढपाळ : तुला नाही सांगितलं? तुझ्या दुःखात नको म्हणून गप्प बसले असतील. परवा वीटभट्टीचा मुकादम आला होता, बरोबर सात-आठजण. म्हणाले, जागा सोड. बायको बांधाबांध करतेय. सकाळी भांडी बांधली. दुपारी पुन्हा सोडली, स्वयंपाकाला लागली म्हणून.

लेक : पण का? तुम्ही तर बाबांना…

मेंढपाळ : वर डोंगराजवळ जुना मातीचा बांध होता. तो फुटला. फुटला कसा? मी फोडला. मी फोडला कशावरून? मला आधी कसं कळलं यावरून.

लेक : हा कुठला न्याय? बांध फोडणारा माणूस आधी येऊन सांगतो का, पाणी सोडतोय म्हणून?

मेंढपाळ : मी तेच म्हटलं. मुकादम म्हणाला, जो माणूस लावलेली चाळीस रोपं उपटतो, तो बांधही फोडतो. बाकीच्यांनी माना हलवल्या. काल माझं कुंपण जळलं. आपोआप. भर दुपारी. कोणी पाहिलं नाही म्हणे, सगळे इथंच होते तरी.

लेक : जनावरं?

मेंढपाळ : जनावरं वाचली. जनावरांचं काय, त्यांना सवय आहे. चोरीचा आळ आल्यावर जो दुष्काळ पडला, त्यात तुम्ही वस्तीच्या तेव्हाच्या पंपावर येऊ दिलं नाहीत, तेव्हा लांबच्या विहिरीवर नेत होतो. एकोणीस गेली वाटेत. ती जळण्याने नाही गेली, चालण्याने गेली.

लेक : मला आठवतंय.

मेंढपाळ : तू लहान होतीस. फाटकात उभी असायचीस, मी गेलो की आत पळायचीस. मला वाटायचं, घाबरते. माझ्याकडे बघून घाबरायला कोणीतरी शिकवलं असणार.

लेक : घाबरून नाही पळायचे.

मेंढपाळ : मग? बरं, जाऊ दे. एक विचारू? मग जातो. ते बघ, दोघं-तिघं उठलेच इकडे यायला.

लेक : विचारा.

मेंढपाळ : त्या दिवशी मी तुला म्हटलं, तू सांग यांना. तुला कळत होतं मी खोटं बोलत नाही. मी वीस वर्षं जनावरं राखतोय, कोणाला काय कळलंय ते डोळ्यांवरून मला समजतं. तुला कळलं होतं. तरी तू म्हणालीस, मला काय माहीत.

लेक : हो.

मेंढपाळ : का?

लेक : मी खरं सांगितलं असतं तर बाबा वर आले असते.

मेंढपाळ : तेच विचारतोय मी.

लेक : नुसतं ‘त्यांच्यावर विश्वास ठेवा’ म्हणून ते आले नसते. का ठेवू, ते सांगावं लागलं असतं. ते सांगायचं चौदा वर्षं राहिलं होतं. म्हटलं, अजून एक दिवस.

मेंढपाळ : काय सांगायचं?

लेक : काका, ते पोतं तुमच्या कुंपणावर वाळत घातलेलं होतं. कुंपणाच्या त्या टोकाला, पाण्याच्या दगडाशी. मी खेचलं तेव्हा काट्यात अडकलं आणि एका कोपऱ्याला फाटलं. फाटलेलं होतं ना?

मेंढपाळ : फाटलेलं होतं.

लेक : रोपं मी उपटली.

मेंढपाळ : एकटीने?

लेक : माती नुकतीच टाकलेली, भुसभुशीत होती. सकाळी बाबा पाण्याच्या रांगेत होते. चाळीस काढायला वेळ नाही लागला.

मेंढपाळ : माझ्या भिंतीमागे का?

लेक : तिथं सावली होती. तुमच्यावर यावं म्हणून नाही ठेवली, शपथ घेते. ओलं पोतं उन्हात ठेवायचं नाही, एवढंच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडायला यायचं होतं. पण बाबांनी त्या दिवसापासून ओढ्यावर राखण धरली. त्यांच्या नजरेसमोरून मला तुमच्याकडे येताच येईना. मी घरात पडून हिशेब करत होते, आता पोतं किती वाळलं असेल.

मेंढपाळ : किती वर्षांची होतीस?

लेक : दहा.

मेंढपाळ : दहा. बरं. दहा वर्षांच्या पोराचा काय राग धरायचा. आणि त्या दिवशी, खाली वाळूत?

लेक : चोवीस.

मेंढपाळ : हं.

लेक : काही बोला, काका. शिव्या द्या.

मेंढपाळ : शिव्या देऊन एकोणीस जनावरं येतात का? तुझा बाप येतो? मी त्यांना बाहेर काढलं तेव्हा हातात काठी होती त्यांच्या. सोडवेना. काठी जवळ ठेवली होती त्यांनी. तेवढं ऐकलं म्हणायचं माझं.

लेक : मी सांगितलं होतं ठेवायला.

मेंढपाळ : मग तुझं ऐकलं. तुझं ऐकत होते ते. तू बोललीस तेवढं सगळं ऐकलं.

लेक : मला माफ करा.

मेंढपाळ : ते सावकाश बघू. आधी हे सांग, तू हे मला कशाला सांगतेस?

लेक : म्हणजे?

मेंढपाळ : मी नव्हतो, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला त्यात नवं काय कळलं? ज्यांना ठाऊक नाही ते तिकडे उभे आहेत.

लेक : आज बाबांच्या नावाने लावणी आहे, बाहेरून मागवलेल्या रोपांची. सगळे त्यासाठी आलेत. मुलं आहेत माझी शाळेतली.

मेंढपाळ : दिसतंय मला.

लेक : उद्यापासून कोणी मूल पाठवणार नाही माझ्याकडे.

मेंढपाळ : माझं दूध चौदा वर्षं कोणी घेतलं नाही. दिवस जातात. वाटतं तेवढं अवघड नसतं. पहिलं वर्ष जड जातं.

लेक : लावणी होऊ दे. संध्याकाळी मुकादमदादांना एकट्यांना गाठून सांगते. देवाशपथ.

मेंढपाळ : लावणी झाली की सांगते, असं त्यांनाही म्हणाली होतीस का?

लेक : …तुम्हाला कसं कळलं?

मेंढपाळ : नाही कळलं. विचारलं. बरं, मी निघतो. तो मुकादम आलाच. रोपांचं पोतं तुला राहू दे, परत नको देऊ. हा पांढरा ठिपका कसला, तेवढं सांग. बायको विचारत होती. धुऊन जात नाही म्हणाली.

लेक : चुन्याचा आहे. डिंकात कालवलेला. वाफ्यात जे अंग उगवतीकडे होतं, तेच पुन्हा उगवतीकडे यावं म्हणून.

मेंढपाळ : घर बदललं तरी?

लेक : हो. घर बदललं तरी… काका, जाऊ नका. थांबा. इथंच थांबा, माझ्याजवळ. मुकादमदादा, हात खाली करा. त्यांना मी बोलावलंय. हो, मीच. कुदळी खाली ठेवा सगळ्यांनी. मुलांनो, खड्ड्यातून बाहेर या, माझ्याकडे बघा. मला बोलायचंय. नाही, मावशी, मला बरं वाटतंय, पाणी नको.

मेंढपाळ : जरा मोठ्याने. मागच्यांना जात नाही.

लेक : या काकांनी बांध फोडला नाही. त्यांनी बाबांना सावध केलं होतं, मी तिथं होते. बाबांनी ऐकलं नाही. कारण त्यांना वाटायचं, चौदा वर्षांपूर्वी ती चाळीस रोपं काकांनी उपटली. तुम्हालाही तसंच वाटतं. तसं नाहीये. ती मी उपटली. पोतंही मीच चोरलं. बाबांना सांगायला चौदा वर्षं होती माझ्याकडे, आणि शेवटी एक अख्खी दुपार होती. मी सांगितलं नाही.

मेंढपाळ : का उपटलीस, तेही सांग. नाहीतर अर्धंच राहील.

लेक : आई तिकडे घरी मागे राहिली होती. बाबा म्हणायचे, थंडी पडायच्या आत आपण घरी जाऊ. मग त्यांनी तुती लावली. मी विचारलं, फळ कधी येईल? म्हणाले, तीन वर्षांनी. मी बोटांवर तीन मोजली… म्हणजे तीन वर्षं घरी जाणं नाही. बाबा, मला झाडं मारायची नव्हती. मी मुळं ओली ठेवली होती. घरी जाताना आपल्याबरोबर न्यायची होती.